रिकामा घाव

१

मंगळवार, ३ डिसेंबर २०२४. पहाटे थंडी, साडेसातपर्यंत धुकं, मग स्वच्छ ऊन. वारा नाही. सहा वाजून बारा मिनिटांनी हलका धक्का. भांडी वाजली नाहीत.

एवढं लिहून हिरूने वही बंद केली आणि गॅरेजचं शटर वर केलं. वही तो अकरा वर्षं लिहीत होता. गाडी कुणाची, काय बिघडलं, काय बदललं, बदलल्यावर काय झालं. २०१८ साली तलासरी-डहाणूच्या या पट्ट्यात जमीन हलायला लागली, तेव्हापासून धक्क्यांच्या वेळाही त्याच वहीत जायला लागल्या. सुरुवातीला माणसं तंबूत झोपली, मग घरात परतली. आता धक्का आला तर हातातला चहा सांडू नये एवढंच लोक बघत.

हिरूची शाळा सातवीत सुटली होती. गाडीची वायरिंग तो बिघडलेल्या गाड्यांकडूनच शिकला, आणि अडलं की मोबाईलवर बघून. तलासरीहून उधव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याने गॅरेज बांधलं तेही असंच सावकाश. एका वर्षी पाया, एका वर्षी भिंती, पुढच्या वर्षी पत्रे. मागे दोन खोल्यांचं घर. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत. दोन्ही मुली आश्रमशाळेच्या वसतिगृहात, त्यामुळे घरात तो आणि त्याची बायको जिवली.

त्या दिवशी गॅरेजमधल्या, गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर उभी होती ती गाडी घोलवडच्या दीपेशची. दीपेशची चिकूची नर्सरी. गाडी लाल, बुटकी, जपानी. दमणच्या एका माणसाकडून त्याने ती हौसेने घेतली होती, आणि त्याची बायको दक्षा भेटेल त्याला सांगायची की घोलवडहून तलासरीला जाईपर्यंत हिचं पोट प्रत्येक गतिरोधकाची विचारपूस करतं.

या गाडीच्या इंजिनात वरखाली होणारे पिस्टन नसतात. दोन तिकोनी रोटर एकामागोमाग बसवलेले असतात आणि एकाच दांड्याभोवती गरगर फिरतात. एकाने घाव घातला की दुसऱ्याने घालायचा. प्रत्येक रोटरला दोन प्लग, प्रत्येक प्लगला आपली स्वतंत्र कॉइल. ही कॉइल म्हणजे मुठीएवढी काळी डबी. बॅटरीच्या बारा व्होल्टचे ती हजारो व्होल्ट करते, तेव्हा कुठे ठिणगी पडते. डब्या चार, आणि चारही इंजिनच्या डोक्यावरच बसवलेल्या. इंजिन तापलं की त्या तापतात, तापल्या की एखादी ठिणगी गाळतात. दीपेशची तक्रार तीच होती. थंड असताना मख्खन, वीस मिनिटांनी अडखळ.

हिरूने गाडी सुरू केली तेव्हा भिंतीपलीकडून जिवलीचा आवाज आला. तिला इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण कान पक्के होते.

"ही काय गाडी? हे तर दोघींचं कांडण."

हिरूला हसू आलं, कारण तिचं बरोबर होतं. त्याच्या लहानपणी आई आणि काकी एकाच उखळात भात कांडायच्या. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली, आणि दोन्ही कधी एकमेकांना लागायची नाहीत. इंजिन अगदी तसंच वाजत होतं.

विसाव्या मिनिटाला पहिला घाव चुकला. मोबाईलला जोडलेला स्कॅनर चुकलेले घाव मोजून दाखवायचा. पाच मिनिटांत नऊ. हिरूने इंजिन बंद केलं आणि हातातला पाना सवयीने खड्ड्याच्या कडेच्या लोखंडी अँगलवर एकदा मारला. टण्. एक काम झालं की तो असा मारायचा. का, ते त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

२

चारांपैकी कुठली कॉइल खराब, हे शोधायची त्याची रीत सरळ होती. डब्यांवर पांढऱ्या रंगाने एक ते चार आकडे टाकायचे आणि जागा बदलायच्या. दोष डबीबरोबर गेला तर डबी वाईट. दोष जागेवरच राहिला तर वायर वाईट. दोष तिनाबरोबर गेला. तीन काढून ठेवली तर एकाने तेच सुरू केलं. संध्याकाळपर्यंत वहीत लिहून झालं: चारही बदलायच्या.

दीपेशने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की हिरूभाय, चार कशाला, दोन आजारी तर दोनच बदला. हिरूने त्याला समजावलं की चारही एका वयाच्या आहेत, उरलेल्या दोन पुढच्या महिन्यात बंद पडतील. मग निवडीचं बोलणं झालं. तीन रस्ते होते. मुंबईच्या भंगारातून निघालेल्या मूळ कॉइल, वापरलेल्या. कुठूनही येणारी नक्कल, नवी कोरी. किंवा जपानहून मूळ, सुधारलेल्या बनावटीच्या, पण वेळ लागणार. चौथा रस्ता दीपेशने मोबाईलवर पाहिला होता: अमेरिकन ट्रकच्या दांडग्या कॉइल बसवायच्या. हिरू नाही म्हणाला. त्यांच्यात वीज भरायला जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बदलायचं ज्ञान आपल्याला नाही. जे आपल्याला मोजता येत नाही ते आपण बसवत नाही.

भंगारातल्या आधी बघू, असं ठरलं.

जेवताना जिवलीने सहज विचारलं, "आज खड्ड्यात उतरून काय ठोकत होतास?"

हिरू म्हणाला की तो दिवसभरात एकदाही खड्ड्यात उतरला नव्हता.

"मग भाताच्या पिंपाचं झाकण काय आपोआप नाचत होतं?" तिने भाकरी मोडली. "धप. थांबून परत धप. मी म्हटलं, याला झालंय काय."

धक्का असेल, हिरू म्हणाला. मोबाईलवर त्याने धक्क्यांची यादी काढली. सकाळच्या सहा-बारानंतर त्या दिवशी एकही नव्हता.

३

भंगारातल्या कॉइल गुरुवारी आल्या. हिरूने एकेक करून त्यांची ठिणगी दहा मिलिमीटरच्या फटीतून उडवून पाहिली. चारही पास झाल्या. बसवायच्या आधी तो आत गेला आणि जिवलीला म्हणाला की आज आवाज आला तर मोजून ठेव.

"कशाने मोजू? भाजी चिरू का बोटं धरू?"

तिने डब्यातून चिंचोके काढले. एक आवाज, एक चिंचोका वाटीत.

गाडी चाळीस मिनिटं चालली. पहिली पंचवीस मिनिटं एकही घाव चुकला नाही. हिरू खुश होता. त्याने बोनेटच्या आत हात शेकून पाहिला, रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं इंजिनला लावून ऐकलं. सव्विसाव्या मिनिटाला अडखळ सुरू झाली. त्याने स्कॅनरकडे पाहिलंच नाही; आधी खड्ड्याशी जाऊन उभा राहिला. गाडीचं नाक खड्ड्यावर होतं, त्यामुळे खाली अंधार. इंजिनचा एक घाव रिकामा गेला आणि त्याच क्षणी तळव्यांना काहीतरी लागलं. ऐकू आलं असं नाही. लादीखाली कुणीतरी जड वस्तू ठेवावी तसं.

इंजिन बंद करून त्याने अँगलवर पाना मारला. टण्. आणि आत गेला.

स्कॅनरवर चौदा होते. वाटीतले चिंचोके त्याने ओट्यावर ओतले आणि दोन-दोनच्या जोड्या लावल्या. सात जोड्या.

हिरू विचारी माणूस होता. त्याने वहीत लिहिलं: इंजिन अडखळतं तेव्हा गाडीला हिसका बसतो, हिसका चाकातून लादीत, लादीतून भिंतीत, भिंतीतून पिंपात. हे पटण्यासारखं होतं. मग त्याने चारही चाकांखाली जाड रबर घातलं आणि पुन्हा दहा मिनिटं गाडी चालवली. पाच घाव चुकले. पाच चिंचोके. आता झाकण आधीपेक्षा जोरात वाजलं, असं जिवलीचं म्हणणं.

ती ओट्याला टेकून उभी होती. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"मला एवढंच सांग, हा आवाज गाडीचा की जमिनीचा? गाडीचा असेल तर तो बंद कर. जमिनीचा असेल तर इथून उठायचं, झाईला माझ्या भावाकडे. पंधरा तारखेला मुली दोन दिवस घरी येतायत. धाकली खाली चटईवरच झोपते. या लादीवर मी तिला झोपू देणार नाय."

हिरूने तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. ती भिंत त्याने दोन उन्हाळे खपून बांधली होती.

"गाडीचा आहे," तो म्हणाला. "पंधराच्या आत बंद करतो. घर सोडायचं नाही."

४

रविवारी, आठ तारखेला, दीपेश स्वतः नकली कॉइल घेऊन आला. डबा चकचकीत, आत हिरवं मखमली कापड. हिरूने डबी हातात तोलली आणि म्हणाला की ही मूळच्यापेक्षा हलकी आहे, आत तांबं कमी असणार. दीपेशने हात जोडले.

"हिरूभाय, पोरगी बघायला आलाय का? वजन बघता, रंग बघता. लावा ना. चालली म्हणजे झालं."

हिरूने आतून भाकरीचा तवा आणला. जिवली दारापर्यंत मागे आली आणि तव्याला तेलाचा वास लागला तर उद्यापासून दीपेशच्या घरी जेवायला जा, असं बजावून गेली. तवा मंद आचेवर ठेवून त्याने चारही डब्या त्यावर मांडल्या, हाताला सोसवेल त्याच्या थोडं पुढे तापवल्या आणि पुन्हा ठिणगी पाहिली. दोन पास. उरलेल्या दोन्हींची ठिणगी निळीची नारिंगी झाली. त्याने डोकं हलवलं. पण दीपेश ऐकेना, आणि खरं सांगायचं तर हिरूलाही आज किती घाव चुकतात ते पाहायचं होतं.

बसवायच्या आधी मात्र त्याने गाडी मागे ढकलायला लावली आणि पाच दिवसांत पहिल्यांदा खड्ड्यात उतरला. खड्डा त्याने दोन वर्षांपूर्वी स्वतः खणला होता. तेव्हा मुरूम निघाला होता, दगड निघाले होते. बाकी काहीच निघालं नव्हतं. तळाला काँक्रीट, चार इंच.

तळाच्या बरोबर मध्यावर एक वाटोळी जागा गुळगुळीत झाली होती. ताटलीएवढी. बाकीच्या काँक्रीटवर ऑइलचा काळा थर होता, तिथे नव्हता. त्याने पट्टी आडवी ठेवून मधली खोली मोजली. सहा मिलिमीटर. बोट फिरवलं तर काच लागावी तसं लागलं, आणि कोमट.

कडेला भाताचं तूस पडलं होतं. मूठभर. नुकतं निघालेलं, तांबूस.

उंदीर, तो मनाशी म्हणाला. पिंपातला भात उंदराने इथे आणून खाल्ला. मग त्याला आठवलं की पिंपातला भात पांढऱ्या जातीचा आहे. तांबडा त्यांच्याकडे आई गेल्यापासून कुणी लावलाच नव्हता.

वर दीपेश ओरडून विचारत होता की खाली चहा पितोय का.

५

दुपारी बाराला गाडी पुन्हा खड्ड्यावर घेतली. दीपेश रस्त्यापलीकडे वडापाव आणायला गेला. जिवली आपण होऊन वाटी आणि चिंचोके घेऊन गॅरेजमध्ये येऊन बसली, उलट्या घातलेल्या बादलीवर. आत एकटीने मोजायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. कारण विचारलं तर तिने सांगितलं नसतं.

नकली कॉइल नवव्या मिनिटालाच हरल्या. एक, दोन, मग लागोपाठ तीन. प्रत्येक रिकाम्या घावाला खालून धप. आता पत्रेही थरथरत होते. जिवलीचा हात वाटीवर जात होता, येत होता.

हिरू लादीवर आडवा झाला. गाल लादीला टेकवून, हातातली बॅटरी पेटवून पुढच्या बंपरखालून खड्ड्यात धरली.

आधी तळ दिसला. वाटोळी जागा ओलसर चमकत होती. तूस सकाळच्यापेक्षा जास्त होतं, ओंजळभर तरी. तळापासून वर गाडीच्या पोटात गेलेला एक दांडा दिसला, मनगटाएवढा जाड. सायलेन्सरचा पाइप असेल, असं समजून त्याची नजर त्यावरून पुढे गेली. पाइप जागच्या जागी, वर आडवा होता. नजर परत दांड्यावर आली.

इंजिनचा एक घाव रिकामा गेला. दांडा वर उचलला गेला, हातभर, आणि खाली आला.

दांडा लाकडी होता. सुकलेला, जुना, तळहातांनी घासून तुळतुळीत झालेला. खालच्या टोकाला लोखंडी कडं, आणि कड्याला तूस चिकटलेलं. वरचं टोक इंजिनच्या तळाशी सावलीत गेलं होतं. बॅटरी वीतभर वर केली असती तर तो दांडा कुणी धरलाय ते दिसलं असतं.

हिरूने बॅटरी वर केली नाही.

तो उठला. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. पाय ठीक होते, हातही ठीक होते. त्यांनी आपलं नेहमीचं काम केलं. उजव्या हाताने पाना उचलला आणि अँगलकडे नेला. जिवलीने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"मारू नको."

पाना अँगलच्या वर तसाच राहिला.

"दरवेळी मारतोस. एकदा," ती हळू बोलत होती, जणू खाली ऐकू जाईल. "तुझी आय दमली की काय करायची? एक घाव रिकामा सोडायची, आणि उखळाच्या काठाला एकदा मुसळ लावायची. मग बाजूला बसलेली तिच्या जागी उठायची. तू इथे घाव रिकामे सोडतोस आणि काठाला एकदा मारतोस. कुणाला बोलावतोस?"

हिरूने पाना खाली ठेवला. आईचा तो ठोका त्याला स्पष्ट ऐकू आला. काकी बाजूला बसलेली असली की म्हणायची, आले, आले. पदर खोचून उठायची. आपल्या हाताला ही सवय कुठून लागली ते त्याला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

वाटीत एकतीस चिंचोके होते. स्कॅनरवर एकतीस.

६

दीपेश वडापाव घेऊन आला तेव्हा दोघांनी गाडी रस्त्याच्या कडेला ढकलून ठेवली होती. हिरूने त्याला एवढंच सांगितलं की नकली चालणार नाहीत, जपानहून मूळ मागवा, आणि लवकर. दीपेशने दोघांची तोंडं पाहिली आणि पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही. वापीच्या एका व्यापाऱ्याकडे मूळ संच पडून होता. चार दिवसांत डहाणूला कुरियर येईल, म्हणाला.

हिरूला वाटलं, गाडी खड्ड्यावर नाही, म्हणजे आवाज नाही. त्याने तसं वहीत लिहूनही ठेवलं.

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी जिवली तांदूळ निवडत होती. पिंपाचं झाकण वाजलं. गाडी बाहेर उभी, बोनेट थंड, बॅटरीची वायर काढलेली. हिरू घड्याळ घेऊन पिंपाशेजारी बसला. दहा-अकरा. दहा-सतरा. दहा-तेवीस. दर सहा मिनिटांनी एक, दिवस मावळेपर्यंत. इतका नेमका की त्याला ते मोजायचीही गरज उरली नाही. आता येणार असं वाटायचं आणि यायचा.

जिवलीने सूप बाजूला ठेवलं.

"झाईला फोन करू?"

खड्डा मातीने भरून टाकावा, हा विचार हिरूच्या मनात येऊन गेला होता. पण भरलेल्या खड्ड्यातून आवाज आला तर पुढे करायला काही उरणार नव्हतं.

"कांडण संपलं की काय करायचे?" त्याने विचारलं.

तिला कळलं. "एकही घाव रिकामा जाऊ द्यायचा नाय. उखळातला घाणा, सगळा भात, पुरा करायचा. मग दोघी थांबायच्या, आणि काठाला दोनदा. दोनदा म्हणजे झालं, उठा."

"मग तसंच करू."

"आणि घाव चुकला तर?"

"चुकणार नाही," हिरू म्हणाला. बढाई म्हणून नव्हे. मापाचा आकडा सांगावा तसं.

कॉइल गुरुवारी आल्या. हिरू मोटारसायकलवरून डहाणूला जाऊन त्या घेऊन आला आणि पुढचे अडीच दिवस त्याने दुसरी गाडी घेतली नाही. चारही डब्यांवरची बनावटीची अक्षरं भिंगाखाली वाचली. शेवटचं अक्षर सुधारित मालाचं होतं. वजन केलं. चारांत दोन ग्रॅमचाही फरक नव्हता. तव्यावर तापवल्या, वीस वीस मिनिटं, आणि बारा मिलिमीटरच्या फटीतून ठिणगी उडवली. निळी. पुन्हा तापवल्या, पुन्हा निळी. जिवली आता तव्याबद्दल काही बोलत नव्हती. तीच आच कमी-जास्त करत होती.

मग प्लग नवे, प्लगच्या वायरी नव्या. डब्या जिथे बसतात तिथे इंजिनची ऊब थेट लागू नये म्हणून त्याने ॲल्युमिनियमची पट्टी कापली, तिच्याखाली वॉशर घालून बोटभर वारा फिरेल एवढी जागा सोडली. इंजिनच्या लोखंडाला जाणारी अर्थिंगची वायर काढून जाड टाकली. प्रत्येक जोड ओढून पाहिला. शनिवारी दुपारी गाडी रस्त्यावरच, खड्ड्यापासून लांब, पन्नास मिनिटं चालवली. चुकलेले घाव शून्य. त्या पन्नास मिनिटांत पिंपाचं झाकणही वाजलं नाही. इंजिन बंद केल्यावर सहाव्या मिनिटाला वाजलं.

"वाट बघतेय," जिवली म्हणाली. "तिला थांब म्हणून कुणी सांगितलंच नाय ना."

ती कोण, हे हिरूने विचारलं नाही.

७

रविवार, १५ डिसेंबर २०२४. थंडी, ऊन, उत्तरेचा हलका वारा. पहाटेपासून धक्का नाही. मुलींना सांगितलं आहे, फोन येईपर्यंत वसतिगृहातून निघू नका.

दीपेश सकाळी दहाला आला. त्याला रस्त्यावर थांबायला सांगितलं. त्याने का म्हणून विचारलं नाही. शटरपाशी पाठ करून उभा राहिला. दोघांनी गाडी खड्ड्यावर घेतली. जिवलीने वाटी आणि चिंचोके घेतले. दुसऱ्या हातात तिने पाना धरला, कारण हिरूच्या हाताचा हिरूलाच भरवसा नव्हता.

११ वाजून २ मिनिटांनी इंजिन सुरू केलं. विसावं मिनिट गेलं. सव्विसावं गेलं. तव्यावर शेकलेल्या डब्या इंजिनच्या डोक्यावर बसून मुकाट काम करत होत्या. हिरूने त्यांच्यावर तळहात धरून पाहिला. कोमट होत्या, एवढंच. चाळिसाव्या मिनिटाला त्याने वेग वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. दोघींची मुसळं एकमेकींना न लागता पडत राहिली. जिवलीचे ओठ हलत होते. ती घाव मोजत नव्हती. तिची आजी कांडताना म्हणायची ते काहीतरी असावं. लादीला हिरूने अनवाणी तळवे लावले होते. खाली काही नव्हतं.

पन्नास मिनिटं झाली. त्याने जिवलीकडे पाहिलं. तिने मान हलवली.

पुढचं त्याने त्याच दिवशी, झाईला पोचल्यावर, वहीत लिहिलं.

११:५२, इंजिन बंद. चुकलेले घाव: शून्य. चिंचोके: शून्य. जिवलीने काठाला दोनदा मारलं. ११:५३, खालून काठाला एकदा. तिच्या जागी कुणी उठायचं, ते बघायला थांबलो नाही. १२:४०, घराला कुलूप. मुलींना परस्पर झाईला आणलं. गाडी दीपेशने घोलवडला नेली. तिथपर्यंत चुकलेले घाव: शून्य.